एसी गार करत नाही? लगेच गॅस भरू नका, आधी या चुका टाळा

मार्च उजाडला की पुण्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "एसीतला गॅस संपलाय वाटतं." अहो, तो संपत नसतो! स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा तो जळून जात नाही, बंद पाइपांतून नुसता गोल गोल फिरत असतो. कमी झालाच तर कुठेतरी लीक आहे हे नक्की. मी सलग दोन उन्हाळे नुसता गॅस भरून घेतला. तिसऱ्या वर्षी एका जुन्या मेकॅनिककाकांनी आउटडोअरच्या, म्हणजे घराबाहेर बसवलेल्या युनिटच्या, नटावर साबणाचं पाणी लावलं आणि बारीक बारीक बुडबुडे दाखवले, मग पाइपचं फ्लेअरिंग (जोड घट्ट बसावा म्हणून टोक पसरवणं) नव्याने केलं, व्हॅक्यूम मारला, म्हणजे पाइपांतली हवा पंपाने काढून टाकली, आणि काट्यावर वजन करून गॅस भरला. तेव्हापासून एकदाही भरावा लागलेला नाही. कुठला गॅस आणि किती ग्रॅम हे आउटडोअरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, भरणाऱ्याला ते बघायला लावा, अंदाजपंचे भरू देऊ नका.

पण खरं सांगू का, बऱ्याचदा गॅसचा काही संबंधच नसतो, जाळी चोंदलेली असते. सीझनमध्ये दर १५ दिवसांनी फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा, गरम पाण्याने प्लॅस्टिक वाकडं होतं. हवा अडली की आतल्या कॉइलवर, म्हणजे गॅस फिरतो त्या पाइपांच्या जाळ्यावर, बर्फ जमतो आणि लोकांना वाटतं वा, काय कूलिंग आहे! उलट ती बिघाडाची खूण आहे. बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडलं तर खर्च कितीतरी वाढेल, त्यापेक्षा कूलिंग बंद करून नुसता फॅन चालू ठेवा, बर्फ आपोआप वितळतो. जाळी साफ असूनही परत बर्फ आला तर मग गॅस तपासायला सांगा.

आत भिंतीवरून पाणी गळतंय? आईच्या खोलीत हेच झालं होतं, पलंगाची अर्धी गादी भिजली. ड्रेन पाइपमध्ये तपकिरी शेवाळासारखा चिकट गाळ अडकला होता, शिवाय पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं, त्यामुळे पाणी उलटं आत. टोक कायम पाण्याच्या वर ठेवा.

आउटडोअरसमोर खोकी, वाळत घातलेले कपडे नकोत, कबुतरांची घरटीही वेळीच हटवा. धुताना एमसीबी (वीजपेटीतला एसीचा स्विच) बंद करा, आणि जेट पंपाचा जोरदार फवारा मारू नका, पातळ पत्र्या दुमडल्या की हवाच जात नाही. कोकणात, मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने कॉइल लवकर सडते, तिथे आउटडोअर साध्या पाण्याने जास्त वेळा धुऊन घ्या.

आणि सर्व्हिसिंग होळीच्या आधीच उरकून घ्या. एप्रिलमध्ये मेकॅनिकला एका दिवसात इतकी घरं करायची असतात की तो वरवर जाळी झटकून निघतो, आतली ब्लोअरची काळी पडलेली पाती तशीच राहतात, आणि एसी लावल्यावर येणारा तो कुबट वास तिथूनच येत असतो.