हळदणकरांच्या दिव्यापुढे अर्धा तास

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हातात दिवा धरलेल्या बाईचं एक चित्र आहे, 'ग्लो ऑफ होप'. 'रविवर्म्याचं ना?' असं म्हणत बहुतेक जण पुढे सरकतात. रविवर्मा 1906 सालीच गेले. हे चित्र 1940च्या दशकातलं, सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, आणि तेही तैलरंगात नव्हे, जलरंगात. खरी गंमत तिथेच आहे, म्हणून एवढ्या एका चित्राला अर्धा तास द्या.

शनिवार-रविवार आणि दसऱ्याची गर्दी टाळा. सकाळी दार उघडताच, पण पोटात काहीतरी घालून जा. भूक लागली किंवा पाय दुखू लागले की लक्ष उडतंच.

कागदावरचे रंग उजेडाने उडतात, म्हणून अशी चित्रं मंद प्रकाशात ठेवायची असतात. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर पहिली पाच-सात मिनिटं गडद भागातलं काही धड दिसत नाही, आणि नेमके तेव्हाच लोक निघून जातात. आठ-दहा फुटांवर नुसते उभे राहा. पाटी वाचू नका, फोन खिशातच राहू द्या. काचेत खिडकी चमकत असेल तर एक पाऊल बाजूला सरका.

आता उजेडाचा माग काढा. ज्योतीपुढे तिने हात धरलाय. बोटांकडे पाहा: टॉर्चवर तळवा ठेवला की दिसते तशी लाली तिथे आहे. तिथून चेहऱ्यावर या, मग साडीच्या चुण्यांवर, शेवटी काळोखात. प्रत्येक ठिकाणी निदान मिनिटभर तरी थांबा. घाई झाली की नजर पुन्हा चेहऱ्यावरच जाऊन बसते. चेहरा नेहमीच जास्त ओढतो.

मग हात पाठीमागे घेऊन तीन फुटांवर या (रखवालदाराला आधी विचारलेलं बरं). पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद. गडद थर एकदा बसला की तो पुसून उजेड परत आणणं फार अवघड. म्हणजे उजळ जागा आधीच ठरवाव्या लागतात. सगळ्यात उजळ ठिपका शोधा आणि त्याच्या कडेला रंग कुठे थांबलाय ते पाहा.

शेवटी चित्राकडे पाठ करा. वहीत पेन्सिलने लिहा: दिवा कोणत्या हातात? नजर कुठे? सावली कोणत्या बाजूला? वळून ताडून पाहा. दिव्याचा हात हमखास चुकतो. जे चुकलं तिथे आणखी दोन मिनिटं थांबा, मग पाटी वाचा.