पोरांचं भांडण मोठ्यांनी कसं ऐकावं

मी सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक दोन, त्यामुळे एका खोलीत दोन-दोन इयत्ता आणि दिवसभर कानावर एकच हाक: "बाई, हा बघा ना!" पालक भेटले की विचारतात, पोराला वळण कसं लावायचं? परिपाठात आम्ही रोज सुविचार म्हणतो, बोधकथा सांगतो. पोरं त्या वेळी पुढच्याची कॉलर ओढत असतात. पण खोडरबरावरून जुंपली की तीच पोरं कुणाचं बरोबर नि कुणाचं चूक हे इतकं जीव तोडून मांडतात की वकिलानं ऐकत राहावं. वळण लागायचं असेल तर ते तिथं लागतं. म्हणून इथे सांगतेय ते बहुतेक भांडणाबद्दल आहे, आणि साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांबद्दल.

निवाडा करायला बसू नका

आधी बघा, हातात दगड आहे का, चावा घेतलाय का, तिघं मिळून एकाला धरलंय का. तसं असेल तर विचार करत बसू नका. दोघांना वेगळं करा, पाणी द्या, लांब लांब बसवा. धापा टाकणाऱ्या पोराला प्रश्न विचारून काही हाती लागत नाही.

बाकीच्या भांडणात जवळ जाऊन उभं राहा, मध्ये पडू नका. पुष्कळदा तेवढ्यानंच आवाज खाली येतो. नाही आला, तर "सुरुवात कोणी केली?" हे मात्र विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "यानं!" आणि मग काल, परवा, गणपतीत काय झालं होतं तिथपर्यंत प्रकरण जातं. त्याऐवजी "काय झालं?" एवढंच विचारा.

माझ्या वर्गात यासाठी खडूचा तुकडा आहे. ज्याच्या हातात खडू तो बोलणार, दुसरा ऐकणार. मग खडू दुसऱ्याकडे. पण त्यानं आपली बाजू मांडायच्या आधी पहिला काय म्हणाला ते सांगायचं. पहिल्यानं "हो, असंच म्हणलो मी" म्हटलं की मगच पुढे. पहिलीतल्यांना एका वाक्यापेक्षा जास्त झेपत नाही, तिसरी-चौथीतली पोरं हे छान करतात. मजा अशी, की समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडून म्हणताना पोराचा आवाज आपोआप बदलतो. निम्मा राग तिथंच उतरतो.

मग विचारायचं, "आता काय करायचं?" आणि गप्प बसायचं. मोठ्यांना हे सगळ्यात जड जातं. पोरं काढतात तो तोडगा आपल्याला कधी कधी विचित्र वाटतो. खिडकीजवळच्या जागेवरून भांडणाऱ्या दोघांनी ठरवलं, मधल्या सुट्टीपर्यंत तू, नंतर मी, आणि पाऊस आला तर दोघंही. मला हे सुचलं नसतं. कुणाला इजा नाही, कुणावर दांडगाई नाही, तर त्यांचा तोडगा चालू द्या. आठवड्याभरात तो मोडला तर पुन्हा बसतील.

घरी भावंडांत एक वाक्य फार वापरलं जातं: "तू मोठा आहेस ना, देऊन टाक तिला." मोठ्यानं समजुतीनं दिलं तर ठीक. रोज द्यावंच लागत असेल, तर धाकटीला कळतं की रडलं की मिळतं आणि मोठ्याला कळतं की या घरात आपलं ऐकत नाहीत. घड्याळ लावून पाळी ठरवा, आणि धाकटीची पाळी संपली की तिच्याकडूनही काढून घ्या, ती कितीही भोकाड पसरू दे.

"सॉरी म्हण" आणि पंधरा कप

सक्तीचं "सॉरी" म्हणजे टोलची पावती आहे. फाडली की गाडी पुढे. माझ्याकडे पोरं फटका मारतानाच "सॉरी" म्हणायची. मी माफी मागायला लावत नाही. मी विचारते, "त्याचं काय बिघडलं? ते नीट करायला तू काय करशील?" दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही शाळेच्या आवारात किल्ला करतो. एकानं रागारागात बुरूज तुडवला. त्याला ओरडण्याऐवजी घमेलं दिलं. माती भिजवून त्यानं बुरूज परत उभा केला, आणि करता करता ज्याचा बुरूज होता तोच त्याला "असा नाय, खालून दाब" म्हणून शिकवायला लागला. खडूपेटी फुटली तर खडू वेचणं, पुस्तक फाटलं तर डिंकानं चिकटवणं. हातानं केलेली भरपाई पोराच्या लक्षात राहते.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं जवळपास शंभर वर्षांपूर्वी मुलांना गोष्टींच्या जोड्या सांगितल्या. एका मुलानं दार उघडलं, दारामागे कप होते हे त्याला माहीत नव्हतं, पंधरा कप फुटले. दुसरा आई नसताना चोरून मुरांबा काढायला गेला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणाली पंधरावाला. मोठी झालेली मुलं म्हणाली चोरून काढणारा. मी हीच गोष्ट कपबशा आणि शेंगदाण्याच्या लाडवाच्या डब्यावर सांगते. पहिलीतली पोरं एकमुखानं "पंधरा!" म्हणतात. चौथीत वाद सुरू होतो.

हे सांगायचं कारण मोठी माणसं आहेत. आईला मदत करायला गेलेल्या पोराकडून दुधाचं पातेलं उपडं झालं, तर आपण घर डोक्यावर घेतो. आणि तेच पोर धाकट्याच्या हातातून मुद्दाम खेळणं ओढून घेतं तेव्हा आपण टीव्हीवरची नजरही हलवत नाही, कारण नुकसान काहीच नाही. म्हणजे पोरगं पंधरा कपांच्या वयातून पुढे सरकायला बघतंय आणि आपण त्याला तिथंच बसवतोय. दूध सांडलं तर फडकं द्या, बरोबर पुसा. रागावायचं ते हेतू बघून.

शिट्टीशिवायचा तास

याच पियाजेनं जिनिव्हा आणि न्यूशातेलच्या मुलांकडून गोट्यांचे नियम शिकून घेतले होते, आपल्याला काही येत नाही असं दाखवून. लहान मुलांना वाटायचं, नियम कुणीतरी मोठ्यांनी पूर्वीच करून ठेवलेत, बदलता येत नाहीत. साधारण दहाच्या पुढची मुलं म्हणायची, सगळ्यांनी मान्य केलं तर बदलता येतात. हा बदल भाषणानं होत नाही. बरोबरीच्यांशी घासाघीस करून होतो.

आपल्याकडे त्याची सोय गल्लीत आयतीच आहे. चकून राज्य कुणावर ते ठरतं. टाइमप्लीज घेतलेल्याला आउट करता येत नाही. रडीचा डाव खेळणाऱ्याला पोरंच सरळ करतात. आणि कच्चा लिंबू. चार वर्षांच्या शेंबड्यालाही खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. दुबळ्याला डावात कसं ठेवायचं हे पोरांनी पोरांसाठी शोधलंय, आणि कच्चा लिंबू "आता मी पक्का" म्हणून हट्ट धरतो तेव्हा तो पक्का झाला की नाही हेही तीच ठरवतात.

माझी बहीण पुण्यात सोसायटीत राहते. तिच्या मुलाला क्रिकेटचा क्लास आहे, स्केटिंगचा आहे, आणि सगळीकडे शिट्टी घेतलेला एक मोठा माणूस आहे. निर्णय तो देतो, रडणाऱ्याला तो समजावतो. क्लासला माझा विरोध नाही. पण आठवड्यातून काही तास तरी वेगवेगळ्या वयाची चार-सहा पोरं शिट्टीशिवाय एकत्र खेळायला हवीत. तुम्ही पोरं दिसतील इतक्या लांब बसा, भाजी निवडायला घ्या. "काकू, हा चीटिंग करतोय" असं म्हणत आलं तर, "मग तुमचा नियम काय ठरलाय?" एवढं विचारून परत पाठवा.

चहाडी, चोरी, खोटं

"चहाड्या करू नकोस" असं सरसकट कधीही म्हणू नका. ज्या मुलाला कुणी मोठा रोज आडवाटेला गाठून छळतो, किंवा कुणी नको तिथं हात लावतो, तेही मूल मग गप्प बसतं. मी विचारते, "हे सांगून कुणाची सुटका होणार आहे, का कुणाला ओरडा बसवायचाय?" सहा वर्षांच्या पोरालाही हे कळतं. सुटकेचं असेल तर हातातलं काम टाकून ऐकायचं. पोरांकडून 1098 हा अडचणीतल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबरही पाठ करून घ्या.

पेन्सिल हरवली की दप्तरं तपासायची नाहीत. एकदा चोर म्हटलं गेलेलं पोर चौथीपर्यंत चोरच राहतं. दाराजवळ एक 'सापडलं' डबा ठेवा. बहुतेक वस्तू दुसऱ्या दिवशी तिथं सापडतात, आणि कुणी टाकल्या हे विचारायचं नाही. तरीही एखादं पोर उचलत राहिलं, तर आधी बघा त्याच्याकडे स्वतःची पेन्सिल आहे का. अनोळखी खोडरबर घरी आलं तर पालकांनी पोराबरोबर जाऊन ते परत करावं. द्यायचं पोरानं, आपण शेजारी नुसतं उभं राहायचं.

आणि उत्तर माहीत असताना प्रश्न विचारू नका. वही कोरी दिसतेय, तरी "गृहपाठ केलास का?" हे विचारणं म्हणजे खोटं बोलायचं आमंत्रण. "गृहपाठ राहिलाय. कधी करतोस?" असं म्हणा. फोनवर "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" हे पोराला सांगायला लावणाऱ्यांना मी काय बोलू?

शेजारी कोण बसतं

हंगाम सुरू झाला की आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून, नगरकडून. त्यांची पोरं वर्षाच्या मध्येच वर्गात येतात आणि कारखाना बंद झाला की जातात. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणतं, "मी तिच्याशेजारी नाही बसणार." कधी कारण कपड्यांचं असतं, कधी बोलीचं, आणि कधी जातीचं. सात वर्षांच्या पोराला जात कुणी शिकवली हे मला विचारावं लागत नाही.

यावर व्याख्यान देऊ नये. व्याख्यानानं ती मुलगी सगळ्यांच्या नजरेत अजूनच येते. मी दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून जागा बदलते, सगळ्यांच्याच. शाळेच्या आहाराची पंगतही त्याच क्रमानं बसते. दुसरं म्हणजे दोघांना असं काम द्यायचं, जे एकट्यानं होत नाही. एकाकडे मोजपट्टी, एकाकडे वही, आणि व्हरांडा मोजून आणायचा. तिसरं, नव्या मुलीला जे येतं ते वर्गाच्या उपयोगी पडू द्यायचं. उसाच्या मोळ्या नि गाडीचा हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो, तर गणिताचं उदाहरण तीच घालते. मैत्री होईलच असं नाही. शेजारी बसणं मात्र सवयीचं होतं.

घरी पालकांनी एवढंच बघावं, भंगारवाल्याशी, धुणंभांडी करणाऱ्या मावशींशी आपण कोणत्या स्वरात बोलतो. पोरं शब्द तिथून उचलतात. शाळेत आम्ही नंतर नुसते ऐकतो.

चॉकलेट, छडी आणि फळ्यावरची नावं

"मारा बिनधास्त, आमचं काही म्हणणं नाही" असं सांगणारे पालक अजून भेटतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, हे मी त्यांना सांगते. पालक परवानगी देऊ शकत नाहीत.

बक्षिसाचं मात्र कुणाला काही वाटत नाही. जर्मनीत लायपझिगला वीस महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झाला, 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसाची पडलेली वस्तू उचलून देणाऱ्या काही बाळांना दर वेळी खेळणं मिळालं, काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. पुढे बक्षीस बंद झाल्यावर खेळणं मिळालेल्या बाळांची मदत बाकीच्यांपेक्षा कमी झाली. तेव्हा ताटं मांडल्याबद्दल चॉकलेट नको. "तू ताटं मांडलीस म्हणून मला गरम पोळ्या वाढता आल्या" हे सांगा. त्यानं केलेल्या कामाचं पुढे काय झालं ते पोराला कळू द्या.

मॉनिटरनं फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिण्याची पद्धतही मी बंद केली. ज्याच्याशी कट्टी त्याचं नाव वर, आणि गोळी देणाऱ्याचं नाव कधीच नाही. दहा वर्षांच्या पोराला लाच खायला याहून सोपी शाळा मिळणार नाही. त्याऐवजी शनिवारी, सकाळच्या शाळेत कवायत झाली की आम्ही गोल करून बसतो. आठवडाभर तक्रारी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायच्या, ज्याला लिहिता येत नाही त्यानं चित्र काढायचं. बऱ्याच चिठ्ठ्या शनिवारपर्यंत लिहिणाराच मागे घेतो. उरलेल्यांवर आधीच्या खडूच्याच पद्धतीनं बोलणं होतं, आणि तिथं ठरलेला नियम मलाही लागू. "बाईंनी वर्गात फोनवर बोलायचं नाही" हा असाच आलाय.

पालकांसाठी शेवटचं एक काम. आपल्या पोराला कुणी मारलं असं कळलं, तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलाचं नाव घेऊन काही लिहू नका. तिथं पन्नास जणांनी वाचलेलं मागे घेता येत नाही. आधी पोराचं ऐका, मग एक दिवस जाऊ द्या. तरी मन खात असेल तर शिक्षकांना फोन करा, पोर झोपल्यावर.