कप्पी लावताना भार मोजा, शॅकलची पिन बांधा

शिडाच्या होडीवर कप्पी निवडताना फक्त दोरावरचा ताण बघून चालत नाही. दोर कप्पीतून किती वळतो ते बघा. जिबची (पुढच्या शिडाची) शीट, म्हणजे ते शीड ओढून धरणारा दोर, 200 किलोने ताणलेली असेल आणि मागच्या कप्पीतून पूर्ण उलटी फिरून विंचकडे (दोर ताणायच्या चक्राकडे) येत असेल, तर कप्पीवर, तिच्या शॅकलवर (पिनने बंद होणाऱ्या U आकाराच्या कडीवर) आणि डेकमधल्या बोल्टवर 400 किलो येतात. काटकोनात वळली तर साधारण 280. म्हणून डेकखाली रुंद बॅकिंग प्लेट (बोल्टचा भार पसरवणारी पट्टी) हवीच. नुसत्या वॉशरवर बोल्ट फायबरग्लास फोडून वर येतो.

शॅकल सरळ रेषेत ओढला गेला पाहिजे. आडवा ताण आला की तो वाकतो, पिन अडकते. पिन हाताने घट्ट करून पान्याने किंचित आवळा, मग तिच्या भोकातून मोनेलची (न गंजणाऱ्या निकेल-तांबे मिश्रधातूची) तार शॅकलच्या बाजूभोवती दोनदा फिरवून पीळ द्या. फडफडणारं शीड न बांधलेली पिन हळूहळू सैल करतं. तारेचं टोक आत दुमडून वर टेप गुंडाळा, नाहीतर तेच शीड फाडेल.

जिबच्या शीट बांधायच्या कोपऱ्याला मात्र शॅकल नकोच, तिथे बोलाइन (न आवळणाऱ्या फासाची) गाठ मारा. टॅक करताना (होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना) तो कोपरा डोक्याच्या उंचीवर आपटत असतो. गाठीचं मोकळं टोक दोराच्या जाडीच्या किमान दहापट ठेवा. आणि ताणलेल्या दोराच्या वळणाच्या आतल्या बाजूला कधीही बसू नका: कप्पी सुटली तर ती नेमकी तिथेच येते.