नोकरी, घर आणि डोक्यात चालू असलेली यादी

बुधवारच्या डब्यात मटकीची उसळ हवी असेल, तर मटकी सोमवारी रात्री भिजत घालावी लागते आणि मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेवावी लागते. बुधवारी सकाळी कांदा कोणीही चिरून देईल. पण सोमवारी रात्री, दुसऱ्या दिवशीच्या सादरीकरणावर शेवटचा हात फिरवत असताना, मटकीची आठवण कोणी ठेवायची, हा खरा प्रश्न आहे. नोकरदार स्त्रियांना ताणाविषयी दिले जाणारे बहुतेक सल्ले प्राणायाम, छंद आणि सुट्टी यांपाशी थांबतात. हे सारे चांगलेच आहे, परंतु ताण जिथे साठतो तिथे हात घातल्याशिवाय तो कमी होत नाही, आणि माझ्या मते तो सर्वांत जास्त या आठवण ठेवण्यात साठतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटे. हे आकडे नोकरी करणाऱ्या आणि न करणाऱ्या अशा सर्वांचे मिळून आहेत. एक काम करता करता डोक्यात चालू असलेली दुसऱ्या कामाची उजळणी मात्र मिनिटांत पकडणे अवघडच असते.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी. आठवडाभर, घरातले जे जे तुमच्याच लक्षात राहते ते त्या त्या वेळी लिहून काढा: शाळेची फी भरण्याची शेवटची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी, विम्याचा हप्ता, संपत आलेले पीठ, नणंदेच्या मुलीचा वाढदिवस. आठवड्याच्या शेवटी ती यादी घरातल्यांसमोर ठेवावी, मात्र भांडण चालू असताना नव्हे. रविवारी दुपारी, सगळे निवांत असताना.

मग कामे वाटायची, पण ती अखंड वाटायची. ‘गॅस संपला की सांग, मी नंबर लावतो’ असे नवरा म्हणतो तेव्हा नंबर लावण्याचे दोन मिनिटांचे काम त्याच्याकडे जाते आणि सिलिंडरवर लक्ष ठेवण्याचे तुमच्याकडेच राहते. त्याऐवजी गॅस म्हणजे तो कधी संपेल याचा अंदाज, नंबर, पैसे आणि तो घ्यायला कोण घरी असेल याची व्यवस्था, हे सगळे एकाच माणसाकडे असावे. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि तपासण्यांची फाईल त्यांच्या मुलाने सांभाळावी. दहा-अकरा वर्षांचे मूल आपले दप्तर आणि गणवेश स्वतः पाहू शकते. एकट्या राहणाऱ्या, आई-वडिलांचे पाहणाऱ्या स्त्रियांनीही भावंडांशी हीच बोलणी करावीत. आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन कोणाच्या रजेत बसवायचे, हे दरवेळी मुलीनेच ठरवण्याचे कारण नाही.

पहिले काही आठवडे चुका होतील. एखाद्या दिवशी दूध आणायचे राहील, एखादी फी दंडासकट भरावी लागेल. अशा वेळी ते काम परत स्वतःकडे ओढून न घेणे हीच यातली सर्वांत कठीण पायरी आहे, कारण आपण हात घातला की जबाबदारी मुकाट्याने पुन्हा आपल्याकडे येते.

कार्यालयातही अशीच न मोजली जाणारी कामे असतात. बैठकीचे टिपण, निरोप समारंभाची वर्गणी, नव्या सहकाऱ्याला रुळवणे ही कामे बऱ्याचदा स्त्रियांच्या वाट्याला येतात आणि वार्षिक मूल्यमापनात त्यांचा उल्लेखही होत नाही. ती पाळीपाळीने व्हावीत, असे बैठकीतच शांतपणे सुचवावे. वरिष्ठांनी हातातल्या कामावर नवे काम दिले, तर थेट नकार देण्याऐवजी निवड त्यांच्यापुढे ठेवावी: ‘हे शुक्रवारी देते, मग तिमाही अहवाल सोमवारी जाईल, आपल्याला आधी कोणते हवे?’ दर शुक्रवारी निघण्यापूर्वी आठवड्यात काय पार पाडले हे चार ओळींत लिहून ठेवावे. बढतीच्या वेळी ते टिपण हाताशी असले की आपले काम आठवणीतून नव्हे, नोंदींवरून मांडता येते. आणि मूल होण्याचा केवळ विचार असताना मोठी जबाबदारी आधीच नाकारू नये. २०१७ च्या कायदेशीर दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आपल्या कार्यालयात ती सोय आहे का, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे.

शरीराकडे पाहिल्याखेरीज हा विषय पूर्ण होत नाही. सतत थकवा, जिना चढताना धाप, चिडचिड यांना आपण ताण म्हणून मोकळ्या होतो, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असल्यास तो रक्तक्षय मानतात. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर या तपासण्यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण त्यामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते. तासाभराचे अंतर पुरते. चाळिशीनंतर झोप मोडणे, अंगातून वाफा येणे, पाळी अनियमित होणे सुरू झाले, तर कामाचा ताण म्हणून सोडून न देता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

झोप सात तासांची हवी, आणि ती मिळवण्यासाठी रात्री लॅपटॉप बंद करण्याची वेळ ठरलेली असावी.

एवढे करूनही दोन आठवडे सलग मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, झोप किंवा भूक पार बिघडली, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. जगणे नकोसे वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.