पॅच मंचावर नेण्याआधी: प्युअर डेटातला आवाज आणि नेटवर्क

प्युअर डेटा म्हणजे पडद्यावर चौकटी (ऑब्जेक्ट) तारांनी जोडून आवाजाचे प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर; अशा एका प्रोग्रामला पॅच म्हणतात. आधी दोन छोटे पॅच बनवून हाताशी ठेवा. एकात फक्त आवाज: ४४० हर्ट्झचा सूर काढणारा ऑस्क~, त्याखाली ०.१ ने गुणून आवाज कमी करणारा *~, आणि तिथून स्पीकरकडे आवाज सोडणाऱ्या डॅक~ च्या दोन्ही इनलेटमध्ये (वरच्या तोंडांत) तारा. दुसऱ्यात फक्त नेटवर्क, म्हणजे मेसेज घेणारा एक नेटरिसीव्ह आणि त्याखाली आलेला मेसेज लिहून दाखवणारा प्रिंट. खरा पॅच कितीही अवाढव्य असो, काही बिघडलं की पहिल्यांदा हे दोन उघडायचे. आवाज का नाही आणि मेसेज का येत नाही, या दोन्हींची उत्तरं एकाच पॅचमध्ये शोधायला गेलं की तास कुठे गेले कळत नाही. वेगळं करून बघितलं तर कारण बहुतेकदा पॅचच्या बाहेरच असतं. मॅक्स (याच धर्तीचं दुसरं सॉफ्टवेअर) आणि प्युअर डेटा दोन्हींच्या मुळाशी मिलर पकेट आहेत, त्यामुळे यातलं बरंचसं मॅक्सवाल्यांच्याही कामाचं आहे. ऑब्जेक्टची नावं मात्र इथे प्युअर डेटाची आहेत.

आवाजापासून सुरुवात करू. ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) आधी जोडा, मगच प्युअर डेटा उघडा, आणि ऑडिओ सेटिंगमध्ये तोच इंटरफेस निवडलेला आहे ना ते डोळ्यांनी बघा. डीएसपी (आवाजाची गणितं) चालू आहे का, हे विचारणं बावळटपणाचं वाटतं, पण विचाराच. मीडिया मेन्यूमधल्या ऑडिओ-मिडीच्या चाचणी पॅचमधून सूर ऐकू येत असेल तर ड्रायव्हर, केबल आणि स्पीकर ठीक आहेत. दोष तुमच्या पॅचमध्ये शोधा. मॅकवर मायक्रोफोनची परवानगी दिलेली नसेल तर बाहेरचा आवाज आत घेणारा एडीसी~ एकही तक्रार न करता नुसती शांतता देतो. ही परवानगी आधीच देऊन ठेवायची.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) कागदावर लिहून घ्या आणि ध्वनिफितींचा रेटही त्याच्याशी जुळवा. फाइल वाजवणारा रीडएसएफ~ रेट आपणहून बदलत नाही. ४४,१०० ची फाइल ४८,००० वर वाजवली तर ती वेगाने धावते आणि जवळजवळ दीड सेमीटोन चढी लागते. गायक सोबत असेल तर हे पहिल्याच ओळीत कळेल, एकटे असाल तर कदाचित कधीच नाही.

आता खरखर. ती दोन प्रकारची असते आणि दोन्हींचे उपाय वेगळे. हात लावला नाही तरी येते, ती ड्रॉपआउटची, म्हणजे आवाज मध्येच तुटण्याची: प्युअर डेटा ६४ सॅम्पलचा एकेक ब्लॉक मोजतो, ४४,१०० वर म्हणजे सुमारे दीड मिलिसेकंदाचं काम, आणि ते सतत मागे पडलं की बफर (आधी मोजून ठेवलेल्या आवाजाचा साठा) रिकामा होतो. सेटिंगमधला डिले थोडा वाढवा. सगळा पॅच पूर्ण भाराने चालू असताना खरखर न होणारा सर्वात कमी आकडा शोधा, त्यावर थोडी सवड ठेवा आणि तो आकडाही लिहून ठेवा. दुसरी खरखर फक्त स्लायडर हलवल्यावर येते. तिथे बफर वाढवून काहीच होणार नाही. आकडा एकदम उडी मारतोय म्हणून ती टिकटिक आहे, मध्ये आकडा हळूहळू सरकवणारा वीसेक मिलिसेकंदांचा लाइन~ घाला. आवाज फाटत असेल तर बेरीज ±१ च्या पलीकडे जाते आहे का तपासा.

पॅचमधली एक गोष्ट मात्र नक्की तपासायची. एकाच आउटलेटमधून दोनतीन मेसेजच्या तारा निघत असतील तर कोणता मेसेज आधी जाणार हे तारा कोणत्या क्रमाने जोडल्या त्यावर ठरतं, आणि तो क्रम पडद्यावर दिसत नाही. दिसायला हुबेहूब असलेले दोन पॅच त्यामुळे वेगळे वागतात. अशा प्रत्येक जागी ट्रिगर घाला. तो उजवीकडून डावीकडे मेसेज सोडतो, त्यामुळे क्रमाबद्दल शंका उरत नाही.

नेटवर्क आधी एकाच संगणकात, १२७.०.०.१ वर (संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावर) तपासा. तिथे मेसेज पोचला, की दुसऱ्या संगणकाकडे वळा. पोर्ट १०२४ च्या वरचा घ्या, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने तो अडवलेला नसावा, आणि दोन्ही टोकांना टीसीपी (आधी जोडणी करून पाठवणं) किंवा दोन्ही टोकांना यूडीपीच (जोडणीविना पाठवणं) असावं. टीसीपीत गडबड असेल तर निदान जोडणी झाली नाही एवढं तरी कळतं. यूडीपीत मेसेज पाठवणारा नेटसेंड १ दाखवतो तेव्हा पलीकडे कोणी ऐकतंय असा त्याचा अर्थ होत नाही. ओएससी (संगीताच्या प्रोग्रामनी एकमेकांना मेसेज पाठवायची ठरलेली पद्धत) बहुतेक यूडीपीवरच चालतं, म्हणून प्रिंट पलीकडच्या टोकाला लावून बघणं हाच पुरावा. फायरवॉलची परवानगी आधी द्या. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर उपकरणांना बहुतेकदा एकमेकांशी बोलू देत नाहीत, तिथे पॅच कितीही तपासला तरी व्यर्थ. माझं मत विचाराल तर स्वतःचा छोटा राउटर आणि केबल न्या, आणि संगणकांना पक्के आयपी पत्ते द्या.

मेसेजच्या रूपाकडेही बघा. प्युअर डेटाच्या साध्या पद्धतीत प्रत्येक मेसेज अर्धविरामाने संपतो. दुसऱ्या प्रोग्रामने तो पाठवला नाही तर नेटरिसीव्ह वाट बघत बसतो. ओएससी असेल तर नेटसेंड-नेटरिसीव्हला बायनरीचा फ्लॅग (नावापुढे लिहायची खूण) लागतो, पुढे मेसेज उलगडायला ओएससीपार्स आणि लिस्ट ट्रिम. पलीकडचा प्रोग्राम पूर्णांकच मागत असेल तर इकडून गेलेला दशांश आकडा तो गुपचूप टाकून देऊ शकतो. ओएससी मेसेज बनवणाऱ्या ओएससीफॉरमॅटला आकड्याचा प्रकार सांगता येतो, तो सांगा.

आवाज चाललाय, नेटवर्क चाललंय, आता दोन्ही एकत्र. खरी डोकेदुखी इथेच आहे, कारण प्युअर डेटात मेसेजची कामं आणि आवाजाची गणितं एकाच रांगेत होतात. सेन्सर सेकंदाला हजार आकडे ओतत असेल आणि प्रत्येक आकडा पडद्यावरच्या नंबर बॉक्समध्ये रंगवला जात असेल, तर आवाज तुटतो आणि आपण उगाच साउंड कार्डला दोष देतो. पाठवणाऱ्या बाजूलाच वेग सेकंदाला पन्नासवर आणा, पुन्हापुन्हा येणारे तेच आकडे चेंज या ऑब्जेक्टने गाळा, तपासणीसाठी लावलेले प्रिंट काढा. फाइल मेमरीत भरणाऱ्या साउंडफाइलरने मोठी फाइल कार्यक्रम चालू असताना उघडू नका. टीसीपीची जोडणीही सुरुवातीलाच करा, कारण उत्तर न देणाऱ्या पत्त्यावर जोडायला गेलं की सगळंच क्षणभर थबकू शकतं.

बाकी किरकोळ: एक्स्टर्नल (बाहेरून आणलेले जादा ऑब्जेक्ट) तुमच्या प्युअर डेटाच्या आवृत्तीला जुळणारे घ्या, तुटक रेघांची चौकट दिसली की तो ऑब्जेक्ट बनलेलाच नाही असं समजा, लिनक्सवर फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं, आणि स्लीप व अपडेट बंद ठेवा. मग संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, राउटर, इंटरफेस, प्युअर डेटा, पॅच या क्रमाने सगळं थंड अवस्थेतून उभं करा, आणि पॅच उघडताच मेसेज सोडणाऱ्या लोडबँगने डीएसपी आपोआप चालू होतंय का ते माउसला हात न लावता बघा.