मिठाच्या पिशवीवर तारीख लिहा

मीठ किती खाता, असं विचारलं की घरोघरी एकच उत्तर मिळतं, "आमच्याकडे कमीच असतं." खरं काय ते पिशवी सांगते. १ किलोची नवी पिशवी फोडाल त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनने लिहा आणि संपली की दिवस मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं. म्हणजे सपाट भरलेल्या चहाच्या चमच्याहून थोडं कमीच, आणि तेही लोणचं, पापड, फरसाण, पाव सगळं धरून. चौघांच्या घरात हा हिशोब रोजचा २० ग्रॅम, पिशवीला ५० दिवस. पण बाहेरचं खाणं पिशवीत मोजलं जात नाही, म्हणून ती दोन महिने तरी पुरायला हवी. लोणचं घालायचा महिना अर्थातच यातून वगळा.

एकदम निम्मं मीठ करू नका. जेवण अळणी लागतं, मिठाची वाटी ताटाशेजारी येते आणि आधीपेक्षा जास्तच खाल्लं जातं. चिमटीने किंवा अंदाजाने घालत असाल तर दोन-तीन दिवस चमच्याने घाला, वरून सुरीने सपाट करून. मग दर दोन आठवड्यांनी दहा चमच्यांतला एक कमी करत जा. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. चमचा मात्र बदलू नका, आणि बारीक मिठाच्या जागी जाडं घेतलं तर माप नव्याने बसवा, कारण चमचाभर जाडं मीठ वजनाला कमी भरतं.

सुरुवात कणीक, भाकरीचं पीठ आणि भातापासून करा. सोबत आमटी-भाजी असतेच, त्यामुळे तिथलं मीठ गेलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाला: पाणी सुटत नाही, मीठ वरवर राहतं आणि थोडक्यात चव येते. उसळ-आमटीला लिंबू, चिंच, भाजलेल्या जिऱ्याची पूड किंवा लसणाची फोडणी असेल तर मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. कोकमाचं मात्र जपून. आगळात भरपूर मीठ असतं, आमसुलांनाही बहुधा लावलेलं असतं. ते घातल्यावर आधी चव घ्या, मग मीठ.

लोणच्यातलं मीठ कमी करायला जाऊ नका, बुरशी येईल. फोड लहान घ्या, खार निथळू द्या. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, म्हणजे सोडियम (मिठातला रक्तदाब वाढवणारा भाग) दोन वाटांनी येतं. सांडगी मिरचीही याच रांगेतली. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

सैंधव घेतलं की रक्तदाब वाढत नाही हा गोड गैरसमज आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच, आणि त्यात बहुधा आयोडीन नसतं. 'लो सोडियम' मिठात काही भाग पोटॅशियमचा असतो. निरोगी माणसाला ते चालतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

फरक पडतोय का हे बघायला रक्तदाब घरी मोजा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला. दंडाला लहान पडणारा पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि आकडे उतरले म्हणून चालू गोळी परस्पर बंद करू नका.