रिग्रेशनचा पेपर आणि पन्नास जुन्या गाड्या

टी.वाय.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत एक्स्टर्नल सरांनी माझं जर्नल चाळलं, रिग्रेशनच्या, म्हणजे ठिपक्यांमधून सगळ्यात बरी बसणारी रेष काढण्याच्या, पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, “तुमच्या या समीकरणानुसार उभ्या गाडीनं ब्रेक दाबला तर ती किती फुटांत थांबेल?” मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, “सर, उणे १७.५८.” ते म्हणाले, “म्हणजे मागे येते?” शेजारच्या टेबलावरची मुलंसुद्धा हसली. गणित बरोबर होतं, जर्नल फेअर होतं, सही-शिक्का होता. पण तो आकडा कशाचा आहे, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

आता मावशीचा मुलगा एस.वाय.ला आहे. रविवारी संध्याकाळी वही घेऊन येतो. त्याची तक्रार तीच, जी माझी होती: “ताई, दर प्रॅक्टिकलला नवा डेटा, नवं सूत्र. लक्षात काय ठेवू?” त्याला जे करायला लावलं तेच इथं लिहिते. सगळं सेमिस्टर एकच डेटा धरून बसायचं. नवं काही शिकवलं की ते त्याच डेटावर लावून बघायचं. आमचा डेटा त्या एक्स्टर्नल सरांनी ज्यावर मला पकडलं तोच: आर या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेला ‘कार्स’. १९२० च्या दशकातल्या पन्नास नोंदी आहेत. गाडीचा वेग ताशी मैलांत आणि थांबायला लागलेलं अंतर फुटांत. दोनच रकाने, त्यामुळे लपायला जागा नाही.

पहिल्या दिवशी आकडे बघण्यापुरताच कॉम्प्युटर उघडायचा, मग बंद. आलेख कागदावर पन्नासही ठिपके हातानं काढायचे. कंटाळा येतो, येऊ दे. मग एक काळा दोरा घेऊन तो ठिपक्यांच्या मधून ताणायचा आणि जिथे बरा वाटेल तिथे दोन टोकांना खुणा करायच्या. त्या दोऱ्याचा चढ मोजायचा: वेग एक मैलानं वाढला तर अंतर किती फूट वाढतं? भावाचा दोरा ४.३ सांगत होता, खरं उत्तर ३.९३ आहे. पण आधी स्वतःचा अंदाज असला की आउटपुटमधला ३.९३ ओळखीचा वाटतो. हे न करता थेट उत्तर काढलं, तर ३९.३ आलं तरी आपण खाली दोन रेघा मारून मोकळे होतो.

दुसऱ्या दिवशी त्यातले पाच ठिपके उचलायचे आणि सगळं गणित हातानं करायचं. मी हे घेतले: वेग ४, ८, १२, १६, २० आणि त्यांची अंतरं अनुक्रमे १०, १६, २०, ४०, ६४. (सरासरी पूर्णांकात यावी म्हणून मुद्दाम निवडलेत. याचे परिणाम पुढे दिसतीलच.) वेगाची सरासरी १२, अंतराची ३०. वेगाची विचलनं उणे ८, उणे ४, ०, ४, ८. अंतराची उणे २०, उणे १४, उणे १०, १०, ३४. जोडीजोडीनं गुणून बेरीज ५२८. वेगाच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज १६०. भागाकार ३.३, हा स्लोप, म्हणजे रेषेचा चढ. इंटरसेप्ट, म्हणजे वेग शून्य असताना रेष जे अंतर सांगते ते: ३० वजा ३.३ गुणिले १२, उणे ९.६. एवढं सगळ्यांना येतं. बहुतेक जण इथेच पेन खाली ठेवतात.

खरा अभ्यास इथून पुढे आहे. रेषेनं दिलेली अंतरं काढा: ३.६, १६.८, ३०, ४३.२, ५६.४. खऱ्या अंतरातून ती वजा करा. उरतं ते ६.४, उणे ०.८, उणे १०, उणे ३.२, ७.६. हे रेसिड्युअल. बेरीज शून्य यायलाच हवी. आली नाही तर मागे कुठेतरी चूक आहे आणि परीक्षेत ती शोधायची सगळ्यात स्वस्त युक्ती हीच. आता फक्त चिन्हं वाचा: अधिक, उणे, उणे, उणे, अधिक. दोन्ही टोकांना ठिपके रेषेच्या वर, मध्ये खाली. पाचच ठिपके, तरी डेटा कुजबुजतोय की मी सरळ नाही, वाकलेला आहे. भौतिकशास्त्र आठवा: ब्रेक लावल्यावर गाडी जितकं अंतर जाते ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सरळ रेष त्या वक्राला आडवी टेकवली की शून्याजवळ ती जमिनीखाली जाणारच. माझे उणे १७.५८ फूट तिथून आले होते. वेग शून्य असलेली एकही नोंद त्या डेटात नाही, सगळ्यात कमी वेग ४ आहे. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर!

रेसिड्युअलच्या वर्गांची बेरीज २०९.६. अंतराच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज १९५२. म्हणजे १९५२ पैकी २०९.६ रेषेला समजलं नाही, बाकीचं समजलं, आर-स्क्वेअर ०.८९. पन्नासही नोंदी घेतल्या तर तो ०.६५ वर येतो. पाच गुणी ठिपके निवडले की रेष किती शहाणी दिसते बघा. आणि ०.८९ असूनही वाक होताच. आर-स्क्वेअर मोठा म्हणजे रेष योग्य, असं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कधी म्हणू नका. अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये चार छोटे डेटा बनवून दाखवले. चारांचीही रेष जवळपास एकच, सहसंबंध ०.८१६, आणि चित्रं काढली तर एक ठीकठाक, दुसरा कमानीसारखा, तिसऱ्यात एक ठिपका भटकलेला, चौथ्यात एकाच ठिपक्याच्या जिवावर सगळी रेष. तोही आरमध्ये आहे. एकदा चारही चित्रं काढाच.

बारावी कॉमर्समधून आलेल्यांचा एक वेगळा गोंधळ असतो. तिथे दोन रेषा शिकवतात, वायची एक्सवर आणि एक्सची वायवर, आणि कुठली कुठली हे ओळखायला लावतात. इथे मग एकच रेष का? कारण आपण ठिपक्यापासून रेषेपर्यंतचं उभं अंतर मोजतो, वर्ग करतो आणि त्यांची बेरीज लहानात लहान करतो. आडवं अंतर मोजलं तर दुसरी रेष मिळते. आपल्या पाच ठिपक्यांवर उलटा स्लोप काढा: ५२८ भागिले १९५२, म्हणजे ०.२७०५. त्याला ३.३ नं गुणा. ०.८९ आले? हाच तो आर-स्क्वेअर. बारावीत ‘गुणाकार एकपेक्षा जास्त नको’ म्हणून जे पाठ केलं होतं, ते हेच.

आता कॉम्प्युटर. पाच ठिपके आरला द्या आणि आउटपुटमधला प्रत्येक आकडा स्वतःच्या वहीत शोधा. स्लोपच्या स्टँडर्ड एररसाठी (आपला अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) २०९.६ ला ३ नं भागायचं, ५ नं नाही, कारण स्लोप आणि इंटरसेप्ट काढण्यात पाचपैकी दोन ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ खर्ची पडल्या. येतात ६९.८७. त्याला १६० नं भागून वर्गमूळ: ०.६६. मग टी म्हणजे ३.३ भागिले ०.६६, जवळपास ५. टीच्या तक्त्यात ३ डिग्रीला पाच टक्क्यांवर ३.१८२ आहे, म्हणून स्लोप शून्य आहे हे गृहीतक नाकारायचं. जो आकडा वहीत सापडत नाही, तो त्या रविवारचा अभ्यास.

पूर्ण पन्नास नोंदींवर आल्यावर रेसिड्युअलचं चित्र पुन्हा काढा. आर स्वतःहून २३, ३५ आणि ४९ या नोंदींवर आकडे टाकतो. ४९ वी बघा: वेग २४, अंतर १२०, रेष सांगते ७७. हे ठिपके खोडून टाकायचा मोह होतो. माझ्या वर्गातल्या एकानं ते खोडले आणि जर्नलमध्ये लिहिलं नाही. तसं करू नका. आधी समीकरणात वेगाचा वर्ग घालून बघा. तरीही ते लिनिअर रिग्रेशनच राहतं, कारण ‘लिनिअर’ हे गुणकांबद्दल आहे, चित्राबद्दल नाही. हा व्हायवाचा लाडका प्रश्न आहे. दुसरा लाडका: नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात विखुरलेलं, काय असायला हवं? उत्तर, एरर. वाय नव्हे.

दोन इंटरव्हलमध्ये, म्हणजे उत्तर ज्यात असेल अशा दोन पट्ट्यांमध्ये, माझा भाऊ अजून अडखळतो. ताशी २० मैल वेगाला रेष ६१ फूट सांगते. अशा सगळ्या गाड्यांच्या सरासरी अंतराचा ९५ टक्क्यांचा पट्टा साधारण ५५ ते ६७ आहे. पण समोरून येणारी एकच गाडी कुठे थांबेल याचा पट्टा ३० पासून ९२ च्या पुढे जातो. त्याला मी विचारलं, “रस्ता ओलांडताना कुठला पट्टा धरशील?” तो गप्प बसला, पण आता निदान पट्टे उलटे लिहीत नाही.

‘रिग्रेशन’ या नावाचं कोडं दोन मिनिटांचं आहे. गाल्टन या इंग्रज संशोधकानं १८८६ मध्ये ९२८ मुलांच्या उंच्या आईवडिलांच्या उंचीशी ताडून पाहिल्या. उंच आईवडिलांची मुलं उंचच, पण सरासरीकडे थोडी परतलेली. सरासरीपासून जितके इंच दूर आईवडील, त्याच्या दोन-तृतीयांश इंच मुलं. हे ‘परतणं’ म्हणजे रिग्रेशन.

पेपरच्या आदल्या आठवड्यात नवीन गणितं सोडवत बसू नका. तीच पाच ठिपक्यांची वही घ्या, उत्तरं झाका आणि कोऱ्या कागदावर सुरुवातीपासून उतरवा. दशांश शेवटपर्यंत कापू नका. आणि प्रत्येक उत्तराखाली एकक घालून एक पूर्ण वाक्य लिहा: ‘वेग ताशी एक मैलानं वाढला की थांबण्याचं अंतर सरासरी ३.३ फुटांनी वाढतं, वेग ४ ते २० मैलांच्या दरम्यान असेल तर.’ शेवटचा तुकडा लिहायला भाऊ नेहमी विसरतो. मी त्याच्या वहीत लाल पेननं ‘गाडी मागे येते?’ एवढंच लिहून ठेवते.